मामींच्या मानेवरचा गार पट्टा

फाल्गुन लागला की आमच्याकडे हळद शिजायला लागते आणि हवेचा वास बदलतो. ओल्या मातीचा, आल्याचा, उकडलेल्या रताळ्याचा आणि थोडासा औषधाचा, असा सगळ्यांचा मिळून एक वास. यंदा हिंगोलीहून पुसेगावाकडे जाताना तो गाडीच्या काचेतून आत आला. रस्त्याकडेच्या शेतात ट्रॅक्टरने ओढत आणलेला वाफेचा कुकर उभा होता. दोन टाक्या, एक चिमणी आणि वाफेचा दाब दाखवणारा एक काटा. काटा रेघेवर आला की खालचं झाकण उघडायचं, पिवळी वाफ सोडत हळद ताडपत्रीवर कोसळायची. मी गाडी थांबवून त्या काट्याकडे बघत राहिले. माझं पोटच काट्यांवर आहे. कारखान्यांतली मापाची यंत्रं बरोबर दाखवतात की नाही, ते मी तपासते.

माझ्या सोजरमामींना काटा लागत नव्हता. सोजरमामी म्हणजे माझ्या आईच्या थोरल्या भावाची बायको. पुसेगावात मामांची विहिरीखालची हळद होती आणि ती शिजवताना शेवटचा शब्द मामींचा असायचा. जमिनीत खणलेलं लांब चुलाण, त्यावर माणूस आडवा मावेल एवढी लोखंडी काहिल, वर हळदीचा पाला आणि ओली पोती. खाली तुराट्यांचा जाळ. मामी वाऱ्याची दिशा बघून उभ्या राहायच्या, पोत्याचा कोपरा उचलून वास घ्यायच्या, एक हळकुंड काढून त्यात गवताची काडी खुपसायच्या. मग म्हणायच्या, "काढा." तोवर काहिलीला कुणी हात लावायचं नाही. दहा मिनिटं उशीर झाला तर हळद गिच्च होते, रंग उतरतो. लवकर काढली तर आतून पिठूळ राहते. गावातले दुसरे लोकही पहिली काहिल लावली की मामींना बोलावून न्यायचे.

मी सांगते आहे ते दोन हजार सालानंतरच्या तीन-चार वर्षांतलं. मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला होते. परीक्षेआधीची सुटी लागली होती, प्रोजेक्ट ठरत नव्हता, आणि घरी आई रोज विचारायची म्हणून मी मामांकडे पळून आले होते.

दुसऱ्याच दिवशी दुपारी पाणी प्यायला मागच्या अंगणात गेले. मामी रांजणाशी बसल्या होत्या. पदर खाली पडलेला, डोळे मिटलेले, आणि मान मागे टाकून ओल्या रांजणाला टेकवलेली. चेहरा आणि गळा लालबुंद. कपाळावरून घामाच्या धारा.

"मामी, काय झालं?"

"काही न्हाई. वाफ आली."

"कसली वाफ?"

"येते आन जाते. तू पानी पी आन जा."

मी गेले नाही. शेजारी बसले. हळूहळू त्या बोलल्या, माझ्याकडे न बघता. पोटापासून जाळ उठतो, छातीत येतो, कानापर्यंत चढतो. मग घाम. मग एकदम गार पडतं, हुडहुडी भरते. पाळी गेल्यापासून चालू आहे. दिवसातून किती वेळा, ते मोजलं नाही.

"एकदा आली की किती वेळ राहते?" मी विचारलं.

"म्या काय घड्याळ लावून बसते व्हय?" त्या हसल्या. मग पदर सावरता सावरता थांबल्या. "पर खरंच गं संगे, किती वेळ राहत असंल?"

त्या प्रश्नाने आम्हा दोघींना बांधलं. पुढची वाफ आली तेव्हा मी मनगटी घड्याळ काढून त्यांच्या समोर धरलं. चार मिनिटांना थोडी कमी.

"एवढंच?" मामींचा विश्वास बसेना. "मला तर वाटते, एसटी हिंगोलीला जाऊन परत आली."

घरात तापाचा थर्मामीटर होता. तो लावून बघितला. ताप नाही. मामा ओट्यावर अडकित्त्याने सुपारी कातरत होते. थर्मामीटर बघून म्हणाले, "ताप न्हाई मंग तकलीफ कशाची? मनाचे खेळ हायेत." ते रागाने बोलले नव्हते. मामींनी थर्मामीटर पुसून डबीत ठेवला.

मला मात्र चैन पडेना. हिंगोलीला जाऊन मी कॉलेजमधून तापमान कळणारा एक तुकडा आणला, तुरीच्या दाण्याएवढा. तो मामींच्या बोटाला चिकटपट्टीने बांधला, तारा मीटरला जोडल्या. मीटर मांडीवर घेऊन मामी हळद मोडायला बसल्या, म्हणजे गड्ड्याची हळकुंडं सुटी करायला. तासाभराने त्यांनी हाक मारली. आकडे चढत होते. बत्तीस, तेहेतीस, साडेतेहेतीस. चौतीसच्या पुढे गेले, थोडे रेंगाळले आणि मग सावकाश उतरू लागले. जाळ आतून येत नव्हता, कातडीखालून पसरत होता. म्हणून तोंडातल्या थर्मामीटरला तो दिसला नव्हता.

मामी घामाने निथळत होत्या आणि हसत होत्या. "अहो," त्यांनी मामांना हाक मारली, "हिकडं या. मनाचे खेळ बघा, मीटरात दिसून राहिले."

मामा आले. चष्मा लावून त्यांनी आकडे बघितले, मामींच्या बोटाकडे बघितलं. मग आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि मामींच्या हाताशी ठेवला. लग्नाला तीस वर्षं होत आली होती. मामांनी मामींना पाणी आणून दिलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

प्रोजेक्ट तिथेच ठरला. कॉलेजात आमच्या सरांकडे बिस्किटाएवढी एक पांढरी चकती होती. तिला वीज दिली की एक बाजू बर्फासारखी गार पडते आणि दुसरी बाजू तापते. गार बाजू मानेला लावायची. तापलेल्या बाजूला ॲल्युमिनियमच्या पात्या आणि जुन्या कॉम्प्युटरमधला छोटा पंखा, ती उष्णता फेकून द्यायला. चकतीवर दव धरायचं, ते टिपून ओली राहणारी सुती घडी मानेशी. मामींच्याच जुन्या लुगड्याच्या काठाचा पट्टा शिवला. कमरेला पिशवी, पिशवीत इमर्जन्सी दिव्याची बॅटरी. वाफ येतेय असं वाटलं की बटण दाबायचं.

पहिल्यांदा घातला तेव्हा मामी म्हणाल्या, "बैलाला घाटी बांधतात तशी बांधलीस की." पंख्याची घरघर ऐकून अंगणातलं मांजर पळालं. पहिल्या दिवशी मी वायरी उलट जोडल्या, गार बाजू तापली आणि मामी "अगं मेले" म्हणून ओरडल्या. वायरी उलट केल्या की बाजू उलटतात हे कळल्यावर ओरडणं विसरून त्यांनी तेच मला चार वेळा करून दाखवायला लावलं. बोट लावून बघत होत्या. गरम, गार, गरम, गार.

पट्टा त्यांना आवडला. काहिलीपाशी जाताना घालू लागल्या. वरून पदर घेतला की नुसती घरघर ऐकू यायची. गडीमाणसं विचारायची, "वहिनी, रेडू घातला का गळ्यात?" मामी म्हणायच्या, "व्हय. बातम्या ऐकून राहिले."

मी हे सगळं सरांना सांगायला गेले. त्यांनी माझी प्रोजेक्टची वही चाळली. "आवडला, बरं वाटलं. हे ठीक आहे. पण बरं कशाने वाटलं? चकतीने, पंख्याने, ओल्या फडक्याने, की तू त्यांच्याकडे लक्ष देतेस म्हणून?" त्यांनी वही मिटली. "एक दिवस चकतीची वायर काढ. पंखा चालू राहू दे. त्यांना सांगू नकोस. सांगितलंस तर त्या तुझं मन राखायला काहीही सांगतील."

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. अजूनही मला ते चुकीचं वाटत नाही. पण मी दिवस चुकीचा निवडला. किंवा खरं सांगायचं तर मी दिवस निवडलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वायर काढली आणि पट्टा मामींच्या हातात दिला. त्या दिवशी सगळ्यात मोठी काहिल होती.

पोती काढायची वेळ जवळ आली होती. मामी वाकून वास घेत होत्या. त्यांचा हात बटणाकडे गेला. घरघर सुरू झाली. थोड्या वेळाने त्यांनी बटण पुन्हा दाबलं, बंद केलं, चालू केलं. चेहरा लाल होत चालला होता, समोर जाळ, वर वाफ. एकदम त्या मागे सरल्या. पट्टा ओरबाडून काढला आणि विहिरीकडे चालू लागल्या. जवळजवळ पळतच. गडीमाणसं हातात झारे घेऊन तशीच उभी. "काढा" म्हणणारं कुणी नव्हतं. मामा दुसऱ्या टोकाला होते. ते येईपर्यंत वेळ टळून गेली. ती हळद बोटाने दाबली तरी दबत होती आणि तिचा पिवळेपणा मळका झाला होता.

मामांनी आवाज चढवला नाही. संध्याकाळी चूळ भरता भरता म्हणाले, "उद्यापासून काहिलीपाशी मी बघतो. तू सावलीत बस, हळद मोड."

मामींनी मान हलवली. मला वाटतं, त्यांच्यावर कुणी हात उगारला असता तरी त्या तेवढ्या लहान दिसल्या नसत्या.

मी त्यांच्यामागे चुलीपाशी गेले आणि सांगून टाकलं. वायर मी काढली होती. मुद्दाम.

भाकरी थापणारे हात थांबले. मी ओरडा खायला तयार होते. मामी म्हणाल्या, "दाव, कोनती वायर काढली ते."

मी पट्टा आणून ती दाखवली. लाल वायर. त्यांनी ती जोडून बघितली, चकतीला बोट लावलं, काढून बघितली. मग पट्टा परातीशेजारी ठेवला.

"मला काहून न्हाई सांगितलं?"

"सर म्हणाले, सांगितलं तर..."

"सर तुझे हायेत. मान माझी हाये."

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. ती त्यांनी उलटली. "सांगितलं असतं तर आज चुलाणापाशी गेलेच नसते. घरी बसून बघितलं असतं. मला बी बघायचंच होतं ना गं, ह्याच्यात गुण कशाचा हाये ते. तुला एकलीलाच बघायचं होतं व्हय?"

त्या दिवसानंतर मी नोकरीत किती यंत्रं तपासली असतील. प्रत्येक वेळी यंत्र वापरणाऱ्या माणसाचा विचार मनात आला की कानात येतो तो मामींचा, भाकरी थापता थापता बोललेला आवाज.

तीन दिवस पट्टा खुंटीला होता. मामी हळद मोडत होत्या, वाफ आली की उठून विहिरीवर जात होत्या. मी जवळ बसायचे, बोलणं जेवढ्यास तेवढं. चौथ्या दिवशी त्या स्वतःच म्हणाल्या, "असं कर. वायर काढायची का ठेवायची, ते तुला बी म्हाईत नको आन मला बी. तिसऱ्याच कोनी ठरवायचं. पर हे असं करून राहिलो, हे मला आधी म्हाईत पाहिजे. आन काहिलीपाशी न्हाई. हितंच, सावलीत."

इलेक्ट्रॉनिक्सच्या तीन वर्षांत मला हे कुणी शिकवलं नव्हतं.

तिसरी म्हणून ठकूबाई आल्या. साखरा गावच्या मेंढपाळ. त्यांची मेंढरं त्या पंधरवड्यात मामांच्या रिकाम्या झालेल्या रानात खतासाठी बसवली होती. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तीनशे मेंढरांतलं एक कमी असलं तर नुसतं बघून सांगायच्या. मी पिशवीच्या तळाशी चकतीचं छोटं बटण वेगळं काढून दिलं. ठकूबाईंनी त्याची पद्धत स्वतः लावली. ओच्यात एक पुंजका पांढऱ्या लोकरीचा, एक काळ्या. सकाळी न बघता एक काढायचा. पांढरा आला तर बटण वर, म्हणजे चकती चालू; काळा आला तर खाली, म्हणजे बंद. आणि तो पुंजका सुतळीला गाठ मारून लटकवायचा, दिवसामागून दिवस, क्रमाने. सुतळी त्यांच्या कमरेला. आम्ही मागितली तरी दाखवायच्या नाहीत.

"तुम्हाला येतं का हो असं, अंगातून?" मी एकदा ठकूबाईंना विचारलं.

"आता न्हाई. आलं होतं." त्या मेंढरांकडे बघत म्हणाल्या. "मला वाटलं मलाच एकलीला हाये. कोनाला सांगावं? मेंढीच्या लोकरीत तोंड घालून बसायची मी. थंडी वाजायची ना मंग, त्यानंतर." मामी त्यांच्याकडे बघत राहिल्या. एकाच गावच्या शिवारात दर वर्षी भेटणाऱ्या दोघी बाया, आणि हे आज कळत होतं.

मी रोज लिहायचे. वाफ कधी आली, किती मिनिटं राहिली, मीटर कुठवर चढला. पाचव्या-सहाव्या दिवशी मामी वहीत डोकावल्या. वाचता येत होतं त्यांना, सावकाश.

"हे किती मिनिटं, किती मिनिटं कशाला लिहून राहिली?"

"कमी झाली का ते कळायला."

"ती तेवढीच राहते. ते मला बी म्हाईत हाय." त्यांनी हळदीने पिवळं झालेलं बोट रकान्याखालच्या कोऱ्या जागेवर ठेवलं. "मी उठले का न्हाई, ते लिही. मला मोडत बसायचं हाये. वाफ आली तरी जागची न्हाई उठले, तर ते तुझं यंत्र चाललं. उठले तर न्हाई चाललं."

मी नवीन रकाना आखला. उठल्या. नाही उठल्या. बाह्य परीक्षकांनी पुढे तोंडी परीक्षेत नेमकं त्याच रकान्यावर पेन ठेवलं आणि विचारलं, "हे कोणतं एकक झालं?" हे यंत्र कुणासाठी आहे, असंही त्यांनी विचारलं. मी सांगितलं तसं त्यांनी घाईने पान उलटलं. बेताचे मार्क पडले. पण ते मे महिन्यात. मी पुन्हा त्या सावलीत जाते.

बारा दिवस झाल्यावर ठकूबाईंनी सुतळी सोडली. मामा, मामी आणि मी गोल करून बसलो. सुतळीवरचा एक एक पुंजका आणि वहीतला एक एक दिवस. मामा सुतळी पुढे सरकवत म्हणत, "पांढरा." मी वाचत असे. मीटरचा चढ सारखाच होता, काळा असो की पांढरा. मिनिटंही तेवढीच. माझा चेहरा पडत चालला होता. मग मामींचा रकाना वाचायला घेतला. काळ्या दिवशी त्या जवळजवळ दरवेळी उठल्या होत्या. पांढऱ्या दिवसांत सगळ्या मिळून दोनदा.

मामांनी सुतळी पुन्हा पहिल्यापासून मोजली. मग एकदा शेवटाकडून.

"गरमी तर तेवढीच म्हनते मीटर," ते म्हणाले.

"तेवढीच हाये," मामी म्हणाल्या. "पर मानेला गार लागलं की भेव जाते. आता काय व्हईल, ते भेव. मंग ती गरमी नुसती गरमी राहते."

मामा उठले. चपला घालता घालता पाठमोरेच म्हणाले, "शेवटची काहिल ऱ्हायली परवाची. मला तो वास कळत न्हाई बराबर. मागच्या दोन्ही पिठूळ निघाल्या." आणि बाहेर गेले. यापेक्षा जास्त ते बोलणार नव्हते, हे मामींना माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उडवल्या.

ठरल्या दिवशी पट्टा घालून त्या काहिलीपाशी उभ्या राहिल्या. मी वही घेऊन दहा पावलांवर. ऊन डोक्यावर आलं होतं. पाल्याच्या फटीतून पांढरा फेस वर यायला लागला आणि त्याच वेळी मामींच्या गळ्यावर तो लाल रंग चढताना मला दिसला. हात कमरेशी गेला. घरघर. गडीमाणसांनी एकमेकांकडे बघितलं, मामांनी जमिनीकडे.

आणि मग घरघर बारीक होत गेली. गावात आदल्या दिवशी लाइट नव्हती, बॅटरी पुरती भरलीच नव्हती आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पंखा रखडत थांबला. मी धावत गेले. "मामी, बॅटरी उतरली. या इकडे, मागे या."

"म्हाईत हाये," त्या म्हणाल्या. घाम हनुवटीवरून ठिबकत होता. "बोलू नको. वास घेऊ दे."

त्यांनी पोत्याचा कोपरा उचलला. वाफेचा लोट तोंडावर आला, त्यांनी डोळे मिटले आणि श्वास आत ओढला. काडी मागितली. हळकुंडात खुपसली, बाहेर काढली, पुन्हा दुसऱ्यात. पोती पुन्हा टाकायला लावली. त्या तशाच उभ्या. मी घड्याळाकडे बघायचं विसरले. किती वेळ गेला ते वहीत नाही.

"काढा."

झारे आत गेले. मामी तेव्हा मागे झाल्या, बांधावर बसल्या आणि मान पुसू लागल्या. मी शेजारी वही उघडून बसले आणि अडले. आधी गार होतं, मग नव्हतं. पट्टा चालला म्हणायचा की नाही?

"मामी, आजचं काय लिहू? यंत्र तर अर्ध्यात बंद पडलं."

"उठले का मी?"

"नाही."

"मंग तसं लिही. पुढचं तुझ्या सरांना विचार, मला बी सांग."

सरांना मी विचारलं. त्यांनी त्या नोंदीपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं.

मी लिहीत असताना मामींनी पसरलेल्या ढिगातून एक वाफाळतं हळकुंड उचललं, या हातातून त्या हातात झेलत ते मधोमध मोडलं आणि माझ्या वहीवर ठेवलं. कागदाला पिवळा डाग पडला.

"बघ," त्या म्हणाल्या. "आतपर्यंत एकसारखी शिजलीये."